साहेबांच्या आवाजात मी बोललो ते

आमच्या मतदारसंघात ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यानं माझा आवाज ऐकलेला आहे. माझा म्हणून नाही, आमदारसाहेबांचा म्हणून. महिना सुरू झाला की गावोगावच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप यायचा. 'बघा मंडळी' अशी सुरुवात, मग घसा खाकरणं, मग विधानसभेत काय चाललंय, कोणता प्रश्न लागला, कोणत्या रस्त्याचं काय ठरलं, आणि शेवटी इकडची हालहवाल: कुणाच्या पोरीनं कुस्ती मारली, कुठं सप्ताह बसला, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी दुःख. ते खाकरणं माझं. 'बघा मंडळी' माझं. साहेबांनी त्यातला एकही निरोप स्वतःच्या तोंडानं दिलेला नाही.

हे लिहिलं तर बघून घेऊ, असा सांगावा साहेबांच्या भाच्यानं मला धाडलाय. घ्या बघून. मी बदनापूरला राहतो, स्टेशनपासून चालत येता येतं.

मी बोलका माणूस नाही. घरी बायको विचारील तेवढ्याचं हो-नाही करतो आणि जेवतो. लग्नात, मयतीत मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो. पण दुसऱ्याचा आवाज तोंडात आला की मला शब्द कमी पडत नाहीत. हे लहानपणापासूनचं आहे. आई शेतावर जायची, त्यामुळं चूल अक्काकडं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिची शाळा चौथीला सुटली, कारण पुढची शाळा नदीपल्याड होती. ती भाकरी थापायची आणि मी उंबऱ्यात बसून धडा वाचायचा, हा तिचा हुकूम होता. मी लाजून पुटपुटायला लागलो की तव्यावरची नजर न काढता ती म्हणायची, "मोठ्यानं." नुसता धडा वाचून कंटाळा यायचा, म्हणून मी तो गुरुजींच्या आवाजात वाचायचो. मग हेडमास्तरांच्या, मग रेशनच्या दुकानदाराच्या. हसता हसता तिची भाकरी करपायची आणि ती करपलेली भाकरी शिक्षा म्हणून माझ्याच ताटात यायची.

माझ्या सगळ्या आवाजांच्या तळाशी असलेला माझा आवाज तिनं त्या उंबऱ्यात ऐकलेला होता. मी ते विसरलो होतो.

साहेबांचं संपर्क कार्यालय जालन्याला मस्तगडात आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. मी तिथं आलेल्या माणसांचे अर्ज लिहून द्यायचो, फोन उचलायचो. निवडणूक तोंडावर आली आणि साहेबांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. भाचा हवालदिल झाला. मी एकदा चहाच्या वेळी साहेबांची नक्कल करून कार्यालयातल्यांना हसवलं होतं, ते त्याला आठवलं. मला साहेबांसमोर उभं केलं. मी 'बघा मंडळी' म्हणालो. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि कागदावर लिहिलं, 'माझ्यापेक्षा भारी.'

पुढं घसा बरा झाला, सभेत बोलण्यापुरता घोगरा आवाजही परत आला, पण साहेबांना सवय लागली होती. मलाही लागली होती. हे दुसरं वाक्य कबूल करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खाली दिवसभर पातेली आपटायची, म्हणून मी आतल्या खोलीत डोक्यावरून गोधडी घेऊन रेकॉर्ड करायचो. उन्हाळ्यात आतच घामानं अंघोळ व्हायची. भाचा बाहेरून विचारायचा, "झालं का, साहेब?" आणि मी गोधडीतून साहेबांच्या आवाजात त्याला झापायचो. तो हात जोडून 'चुकलं साहेब' म्हणायचा. आम्ही दोघंही पोट धरून हसायचो. एकदा टेंभुर्णीच्या बाजारात चहाच्या टपरीवर उभा होतो, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर महिन्याचा निरोप लावला. टपरीतली बोलणी थांबली. मी माझ्याच तोंडचं ऐकत, बशीत चहा ओतून, कुणी ओळखणार नाही या खात्रीनं उभा राहिलो. आयुष्यात माझं बोलणं कुणी असं थांबून ऐकलं नव्हतं.

अक्काला दिली ती टेंभुर्णीच्या पलीकडं, एका वस्तीवर. वस्तीच्या एका अंगाला आमची बौद्धांची घरं, दुसऱ्या अंगाला पाटलांची, मधे जिल्हा परिषदेची शाळा. एक खोली स्लॅबची, एक पत्र्याची. वस्तीत पाण्याला जायच्या वाटा दोन आहेत, शाळेला फाटक एकच आहे. अक्का शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. चौथीत शाळा सुटलेली बाई शाळेच्या फाटकाला दरवर्षी स्वतः रंग लावते आणि गुरुजी उशिरा आले तर फाटकातच त्यांची हजेरी घेते.

शाळेत पोरं कमी होती. कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं एका मोठ्या शाळेत न्यायची, यावर तेव्हा सरकारात चर्चा चालू होती. मोठ्या शाळेपर्यंत गाडी देऊ, असं कागदावर होतं. वस्तीवरून मोठ्या शाळेकडं जाताना आधी नाला लागतो, मग डंपरचा रस्ता. गाडी एखादा महिना येईल, मग पोरं चालत जातील, मग पोरी घरी बसतील, हे वस्तीवर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. अक्काच तशी घरी बसली होती. शाळा नको असेल तर गप्प बसा, हवी असेल तर अमुक तारखेच्या आत ठराव करून हरकत द्या, असं पत्र समितीला आलं होतं. अक्कानं बायकांना जमवून ठरावाची तयारी चालवली होती.

त्याच महिन्यात अधिवेशन होतं. शाळांचा प्रश्न आमच्या कार्यालयातूनच टाईप होऊन गेला होता. पण प्रश्नांच्या यादीत तो खाली होता, प्रश्नोत्तराचा तास संपला आणि प्रश्न लागलाच नाही. नंतर त्या विषयावर सभागृहात चर्चा झाली, तेव्हा साहेब एका बड्या नेत्याच्या घरच्या लग्नात होते. मी फोन केला. मागं बँड वाजत होता. शाळांचं निरोपात काय टाकू, असं विचारलं.

"टाक ना काहीतरी. मी मुद्दा लावून धरला म्हण. सरकार विचार करून राह्यलंय म्हण. लोकं शांत राह्यले पाह्यजे, बस."

साहेबांनी एवढंच सांगितलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं माझं आहे. साहेबांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालेलं नाही.

गोधडी ओढली, खाकरलो, रस्ते, वीज, पीकविमा सगळं सांगून झालं. शाळांपाशी आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं: "टेंभुर्णीपल्याडच्या वस्तीवरच्या माझ्या बहिणींना सांगतो, तुमच्या शाळेला हात लागणार न्हाई. हा माझा शब्द. हरकती-बिरकतीच्या कागदात पडू नका, ते माझ्यावर सोडा."

'माझ्या बहिणींना' असं साहेब प्रत्येक सभेत म्हणतात. मी म्हणालो तेव्हा डोळ्यांपुढं एकच होती. अक्काला मी जन्मात काही दिलं नव्हतं. दिवाळीला साडी न्यायचो, ती बायकोनं निवडलेली. माझ्या स्वतःच्या आवाजात मी तिला 'बरी आहेस का' यापलीकडं विचारलं नव्हतं. साहेबांच्या आवाजात मला अख्खी शाळा देता येत होती. मी देऊन टाकली.

भाच्यानं ऐकलं, "वस्तीचं नाव कशाला घेतलं?" म्हणाला, आणि तसंच पाठवून दिलं.

ठरावाची तारीख निघून गेली. मग शाळा मोठ्या शाळेत विलीन केल्याचा आदेश आला. वस्तीवरच्या बायका टेम्पो करून मस्तगडात आल्या. अक्का त्यांच्यात नव्हती. मला जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि मी आतल्या खोलीत गेलो. दार लोटून घेतलं. बाहेर एका बाईनं तो निरोप मोबाइलवर लावला. माझा शब्द मला दाराआडून ऐकू आला. ऐकून झाल्यावर बाहेरच बसलेले साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. साहेब त्या दिवशी शंभर टक्के खरं बोलत होते आणि बाहेरच्या खोलीतलं कुणीही त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हतं.

बायका गेल्यावर भाच्यानं तोड काढली. आजकाल मशीनवर कुणाचाही आवाज बनवता येतो. तो निरोप बनावट होता असं साहेबांनीच सांगायचं. साहेबांनीच म्हणजे कुणी, ते त्यानं बोलून दाखवलं नाही, नुसती गोधडी माझ्या हातात दिली.

मी घेतली. 'बघा मंडळी, माझ्या आवाजाची बनावट क्लिप कुणीतरी फिरवून राह्यलंय,' असं मी म्हणालो. फिरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल, असंही म्हणालो. पहिलं खोटं बोललो तेव्हा मनात निदान माया होती. दुसऱ्या वेळी नुसती नोकरी होती. वस्तीच्या ग्रुपवर तो पहिला निरोप टाकणारी अक्का होती, हे मला माहीत होतं. भाच्यानं बाहेरून विचारलं, "झालं का, साहेब?" मी गोधडीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. मी स्टेशनवर होतो.

"क्लिप ऐकली," ती म्हणाली.

साहेबांनी काल सांगितलं की, असं मी काहीतरी सुरू केलं.

"साहेबाचं नाव माझ्याजवळ घेऊ नको. पहिला निरोप तुझा, हा बी तुझाच."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"पहिल्या दिवसापासून. म्हणलं, पोट भरून राह्यलाय, भरू दे. कुणाला बोलले न्हाई." मग म्हणाली, "बायका म्हणत होत्या, आमदाराच्या शब्दावर बसायचं न्हाई, ठराव देऊन टाकू. मीच थांबवलं. आमदारावर कोण भरोसा ठेवतंय? तुझा आवाज होता म्हणून थांबले मी."

गाडी येऊन गेली. मी चढलो नाही. बुधवारी शिक्षण खात्याचे अधिकारी शाळेची किल्ली घ्यायला येणार आहेत, एवढं तिनं सांगितलं. ये असं म्हणाली नाही.

बुधवारी मी जालन्याला उतरलो आणि मस्तगडाकडं न जाता टेंभुर्णीची बस धरली. पुढं एकाच्या मोटारसायकलवर बसून नाला ओलांडला. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून अधिकारी बसले होते. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. समोर दोन्ही अंगांच्या बायका, कडेला म्हातारी माणसं, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. किल्ली अक्काच्या पदराच्या गाठीत होती. तिनं मला पाहिलं आणि नजर परत अधिकाऱ्यांकडं वळवली.

अधिकारी सांगत होते की मुदतीत हरकत आली नाही, त्यात त्यांचा इलाज नाही. तुम्ही म्हणता आमदारांनी थांबवलं, आणि आमदार स्वतः सांगतात की ती क्लिप खोटी आहे. उलट ती कुणी फिरवली याचीच चौकशी लागलेली आहे. हे म्हणताना त्यांनी अक्काकडं पाहिलं.

मी खांबाला टेकून उभा होतो. खांब सोडून पुढं झालो आणि बोललो. काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

"हे पाव्हणे काय म्हणून राह्यले?" पाटलांच्या अंगाचे एक म्हातारे पायरीवरून म्हणाले. "तोंडात सुपारी हाये का त्यांच्या?"

बायका हसल्या. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, मी कोण. मी म्हणालो, यांचा भाऊ. बहिणीची बाजू घ्यायला आलात, ठीक आहे, बसा, असं ते म्हणाले आणि कागदाकडं वळले.

मग मी खाकरलो.

"बघा मंडळी," मी म्हणालो.

सगळा व्हरांडा ताठ झाला. एका बाईनं पदर डोक्यावर ओढला. पायरीवरचे म्हातारे उठून उभे राहायला लागले. अधिकाऱ्यांचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि तेही अर्धे उठले. त्या आवाजाला उठून उभं राहायची आमची सगळ्यांची सवय, माझीसुद्धा. त्याच आवाजात मी पुढं बोललो.

"तुमच्या शाळेला हात लागणार न्हाई, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. ती क्लिप बनावट हाये, असं म्हणालो. ते बी खोटं होतं. मशीन-बिशीन काही न्हाई. दोन्ही ह्याच तोंडातून निघालंय. माझ्या बहिणीनं फक्त ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा."

म्हातारे तसेच अर्धवट उभे होते.

"म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "माझ्या नातवाच्या लग्नाला शुभेच्छा दिल्या, त्या बी तूच?"

मी माझ्या आवाजात म्हणालो, हो, काका.

"मंग जेवायला का न्हाई आला?"

व्हरांड्यात हसू फुटलं. मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण पुढं बसलेली एक बाई हसली नाही. तिची मुलगी दुसऱ्या इयत्तेत होती. तिनं मला विचारलं, "आमची तारीख गेली, त्याचं काय?"

हसणं बंद झालं. तिला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. मी अधिकाऱ्यांना म्हणालो, मी साहेबांच्या कार्यालयात कामाला आहे, आत्ता बोललो ते सगळं मी लिहून देतो, सही करतो, जिथं बोलवाल तिथं येऊन असंच बोलून दाखवतो. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. यानं तुमची नोकरी जाईल हे कळतंय का, असं विचारलं. आज मस्तगडात जायच्या ऐवजी इकडं आलो तेव्हाच ती गेली, असं मी सांगितलं.

तारीख बदलायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. पण लोकांची दिशाभूल झाली हे अहवालात लिहीन, हरकत आज घेईन, आणि वर सुनावणी होईपर्यंत किल्ली मागणार नाही, असं म्हणाले. अक्कानं पदराची गाठ चाचपली आणि आणखी घट्ट केली.

ठराव तिथंच लिहिला. अर्ज लिहिण्यात माझं आयुष्य गेलंय, हात थांबला नाही. लिहून झालं, आणि सह्या-अंगठ्यांच्या आधी तो सगळ्यांना वाचून दाखवायला हवा होता. कुणीतरी कागद माझ्याच हातात दिला. पहिली ओळ सुरू केली तर घशात आपोआप साहेब यायला लागले. मी तो आवाज गिळला. मग उरला तो माझा, बारीक, चिरका, पहिल्याच वाक्यात अडखळलेला. पायरीवरच्या म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला.

अक्का वर्गाच्या दारात बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत.

अक्कानं त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. अजूनही फार बोलत नाही. तिनं माफ केलं असं मी कुठं सांगत नाही आणि मागतही नाही. तिच्यावरची चौकशी थांबली आहे की नुसती फाइलखाली गेली आहे, ते कुणी सांगत नाही. शाळा सध्या चालू आहे. गुरुजींची बदली झाली, नवीन कुणी दिलं नाही, म्हणून वस्तीवरची एक बारावी झालेली पोरगी वर्ग घेते आणि आठवड्यातून काही दिवस मी जातो.

साहेबांचा एकदाच फोन आला. "तुला मी काय कमी केलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. ऑपरेशननंतरचा त्यांचा खरा आवाज घोगरा आहे, मधेच तुटतो. खरंच, त्यांनी मला काही कमी केलं नव्हतं. आता महिन्याचा निरोप ते स्वतः देतात, कागदावरून वाचतात, आणि खाली ग्रुपवर लोक विचारतात, हा खरा का खोटा. त्यांना वाईट वाटत असेल. त्याला मी जबाबदार आहे, तेही इथं लिहून ठेवतो.

पण गप्प बसणार नाही. भाचा म्हणतो, वस्तीवाल्यांना मी फितवलं, मला सगळा मतदारसंघ नकलाकार म्हणून हसेल. हसू दे. सुनावणी जालन्याला होणार आहे. तिथं तो ठराव वाचायला समितीनं माझं नाव दिलंय, आणि समितीची अध्यक्ष समोरच्या बाकावर बसणार आहे. भाच्यानंही यावं. साहेबांनीही यावं. दालन केवढं का असेना, ऐकू आलं नाही असं म्हणायला मी कुणाला जागा ठेवणार नाही.